बक्षिसीवर पोसलेली नगरी

अमेरिकेतील नेवाडा राज्याचे गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी १९ मार्च १९३१ रोजी दोन विधेयकांवर स्वाक्षऱ्या केल्या. पहिल्याने राज्यात जुगार कायदेशीर ठरविला. दुसऱ्याने घटस्फोटासाठी आवश्यक असलेली वास्तव्याची मुदत अवघ्या सहा आठवड्यांवर आणली. महामंदीचे दिवस होते, सरकारी तिजोरी आटली होती आणि राज्याचा फार मोठा भाग नुसते वाळवंट होते. तेव्हा शेजारच्या राज्यांतील लोकांना आपल्या घरी जे करता येत नाही ते येथे येऊन करू द्यावे आणि त्याचे पैसे घ्यावेत, एवढाच त्यामागचा व्यापारी हिशेब होता. नशीब आणि संसार या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बाजारात आल्या. लास व्हेगास या शहराचा पुढचा सारा इतिहास त्या दोन सह्यांच्या पोटातून निघाला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१९३० च्या शिरगणतीत या गावाची वस्ती ५,१६५ होती. तालुक्याच्या ठिकाणाइतकीही नव्हे. जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले, हजारो मजूर आले, आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारने बोल्डर सिटी नावाचे वेगळे गाव वसवून तेथे जुगाराला बंदी केली. ती बंदी त्या गावात आजही आहे. मजूर मात्र पगार झाला की लास व्हेगासची वाट धरीत. २०२० च्या गणनेनुसार शहराची लोकसंख्या ६ लाख ४१ हजारांच्या पुढे गेली असून २०२३ या एका वर्षात येथे चार कोटींहून अधिक पाहुणे येऊन गेले.

या पाहुण्यांबरोबर दर वर्षी आणखी एक वर्ग येतो आणि त्याची गणना पाहुण्यांत होत नाही. लहानशा गावातून, कंटाळवाण्या घरातून, एखाद्या फसलेल्या संबंधातून सुटका करून घेतलेली, देखणी, वीस-बावीस वर्षांची मुलगी. तिला झगमगाट हवा असतो आणि त्या झगमगाटात कोणी तरी आपल्यावर जीव टाकावा असेही वाटत असते. एक नोकरी सोडून दुसरी, एक पुरुष सोडून दुसरा, एक घर सोडून दुसरे, असा तिचा प्रवास चालतो. तिच्याविषयी लिहिणारे बहुधा दोनच प्रकारचे असतात. एक तिला उच्छृंखल ठरवून मोकळे होतात. दुसरे तिच्यासाठी अश्रू ढाळतात. तिला वेतन कोण देतो, किती देतो आणि कोणत्या रीतीने देतो, हा साधा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. वस्तुतः तिच्या अस्वस्थतेचे बरेचसे रहस्य त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

जेरी मॅक्गी हिचे उदाहरण घेण्यासारखे आहे, कारण तिची कहाणी पुस्तकांतून आणि पडद्यावरून जगासमोर आलेली आहे. लॉस एंजेलिसच्या परिसरात वाढलेली ही मुलगी १९६० च्या सुमारास लास व्हेगासला आली. ट्रॉपिकाना हॉटेलात नर्तकी म्हणून तिने काम केले. पुढे बड्या जुगाऱ्यांच्या संगतीत राहून त्यांच्या चिपांतून आपला वाटा काढणे हा तिचा व्यवसाय झाला. १९६९ मध्ये तिने फ्रँक रोझेन्थल याच्याशी लग्न केले. हा गृहस्थ पुढे स्टारडस्ट आणि आणखी काही कॅसिनोंचा खरा सूत्रधार बनला. त्यामागचा पैसा गुन्हेगारी टोळ्यांचा होता, आणि १९७६ मध्ये नेवाडाच्या नियंत्रकांनी त्याला परवाना नाकारला. बंगला, दागिने, दोन मुले, सारे काही जेरीला मिळाले. तरीही पतीच्याच बालमित्राशी, टोनी स्पिलोत्रो या टोळीबाजाशी, तिचे संबंध जडले, दारू आणि गोळ्यांचे व्यसन लागले आणि अखेर लग्न मोडले. नोव्हेंबर १९८२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मद्य आणि अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने ती मरण पावली, तेव्हा तिचे वय ४६ होते. निकोलस पिलेजी यांनी हा वृत्तान्त ग्रंथबद्ध केला आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांनी १९९५ मध्ये त्यावर ‘कॅसिनो’ हा चित्रपट काढला. त्यातील जिंजर म्हणजेच जेरी. शॅरन स्टोन हिने ती भूमिका केली.

चित्रपटात जिंजर प्रथम दिसते ती कॅसिनोच्या छतातील कॅमेऱ्यातून. एका श्रीमंत जुगाऱ्याच्या शेजारी उभी राहून ती त्याच्यासाठी फासे टाकते आहे आणि हसत हसत त्याच्या चिपा आपल्या पर्समध्ये सरकवते आहे. पुढे दिसते ती तिची दुसरी बाजू. मिळालेल्या पैशांतला काही भाग ती मोटारी लावणाऱ्या पोऱ्यांना, टेबलावरच्या माणसांना, रखवालदारांना वाटत सुटते. सामान्य प्रेक्षकाला हा उधळेपणा वाटतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तेथे थांबावे. हा उधळेपणा नव्हे, हा व्यवसायाचा खर्च आहे. दरवाजा उघडणाऱ्याने दरवाजा उघडावा, पाहणाऱ्याने न पाहिल्यासारखे करावे, गिऱ्हाईक कोण आणि किती मोठे याची बातमी वेळेवर मिळावी, यासाठी दिलेली ती दलाली आहे. या नगरीत प्रत्येकाचा हात कोणाच्या तरी हातावर असतो.

कॅसिनोचा मूळ धंदा तसा फार सोपा आहे. अमेरिकी रूलेटच्या चाकाला ३८ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेला पैसा लागला तर एकास पस्तीस मिळतात. न्यायाने सदतीस मिळायला हवेत. हा जो दोनाचा फरक, त्यातून मालकाच्या पदरात दर शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर पडतात. आपल्याकडील मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागला की एकास नऊ मिळत. तेथे मालकाचा वाटा याहूनही मोठा होता. कोणी फसवणूक करावी लागत नाही. चाक फिरत राहिले पाहिजे आणि माणसे त्याच्याभोवती बसून राहिली पाहिजेत, इतकेच पुरे. चाक यंत्र फिरवते. परंतु शंभर डॉलर हरलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता खुर्चीवर बसवून ठेवणे यंत्राला जमत नाही. त्यासाठी फुकट मद्याचा पेला आणि तो पेला घेऊन येणारी हसरी स्त्री लागते. गिऱ्हाइकाला आपण हरत नसून कोणा तरी मोठ्या, सुंदर जगाचे भागीदार आहोत असे वाटावे लागते. जिला लोक ‘ग्लॅमर’ म्हणतात ती वस्तू या धंद्याची शोभा नसून त्याचे भांडवल आहे. आज तर लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरील मोठ्या हॉटेलांचे खोल्या, भोजन आणि करमणूक यांपासूनचे उत्पन्न जुगाराच्या उत्पन्नाहून अधिक असते.

या भांडवलाचा मोबदला मात्र बव्हंशी बक्षिसीच्या रूपाने दिला जातो, आणि खरी मेख येथे आहे. पगार हा हक्क असतो. तो ठरलेला असतो, लेखी असतो, आणि वरिष्ठाला आपण आवडतो की नाही यावर तो महिन्याच्या शेवटी अवलंबून राहत नाही. निदान राहू नये अशी अपेक्षा असते. बक्षिसी ही मर्जी असते. तिचा दर नसतो, तिच्यावर दाद मागता येत नाही. जिचे पोट बक्षिसीवर आहे तिला दिवसातून दोनशे वेळा आपण आवडते आहोत हे सिद्ध करावे लागते. एखाद्या रात्री एकच मनुष्य महिन्याच्या पगाराइतकी रक्कम तिच्या हातावर ठेवून जातो. पुढचे दहा दिवस कोरडे जातात. अशा उत्पन्नाने अंदाजपत्रक बांधता येत नाही आणि बचतीची सवय लागत नाही. परंतु मोठ्या डावाची वाट पाहण्याची सवय मात्र लागते. म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या जुगाऱ्याची मनोवृत्ती अलीकडे उभ्या असलेल्या स्त्रीच्याही अंगी मुरते. तिची ती बहुचर्चित अस्थिरता जन्मजात आहे की तिच्या मिळकतीच्या पद्धतीने घडविलेली आहे, याचा निर्णय करण्यापूर्वी एवढे तरी लक्षात घ्यावयास हवे.

प्रेमाचे काय होते, हाही त्याच हिशेबाचा पुढचा भाग आहे. जेथे प्रत्येक मृदू शब्दाला, प्रत्येक स्पर्शाला किंमत येण्याची शक्यता असते, तेथे किंमत न मागणारा शब्द ओळखायचा कसा? पुरुषाला वाटते, ही पैशासाठी हसते. स्त्रीला वाटते, हा हसण्यासाठी पैसे देतो. दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे कोणीच कोणावर विश्वास ठेवू शकत नाही. चित्रपटात नायक जिंजरला मागणी घालतो तो प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तुझे माझ्यावर प्रेम नाही हे मला ठाऊक आहे, पण लग्न जमले नाही तरी तुझी आयुष्यभराची ददात मिटेल अशी व्यवस्था करतो, अशा आशयाचे तो बोलतो. लक्षावधी डॉलरचे दागिने आणि बँकेतील लॉकरची किल्ली तिच्या स्वाधीन होते. ही मागणी नव्हे, हा अनामत रकमेसह केलेला करार होय. पुढे संसार मोडू लागतो तेव्हा भांडण प्रेमावरून कमी आणि त्या किल्लीवरून जास्त होते. आणि ज्या एका माणसावर तिचा खरोखर जीव होता तो तिच्याकडूनच पैसे उकळणारा एक क्षुद्र दलाल! जिला जन्मभर पुरुषांनी दिले, तिला आपण स्वतः ज्याला देतो तोच आपला वाटावा, यात मानसशास्त्राला कोडे पडण्यासारखे काही नाही.

आपल्या वाङ्मयात द्यूत आणि स्त्री यांची सांगड जुनी आहे. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या पत्नीची दुर्दशा आहे. महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदी स्वतःच पणाला लागते. परंतु या प्रसंगी आठवण व्हावी ती मृच्छकटिकातील वसंतसेनेची. तीही वैभवशाली नगरीतील, जुगाऱ्यांच्या गजबजाटात राहणारी, पुरुषांच्या द्रव्यावर जिचे वैभव उभे आहे अशी गणिका. कर्जबाजारी होऊन पळत आलेल्या संवाहकाचे द्यूताचे देणे ती आपल्या कंकणाने फेडते, आणि प्रेम करते ते दरिद्री चारुदत्तावर. देवलांच्या नाटकामुळे हे कथानक मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. शूद्रकाने चारुदत्ताला निर्धन केले ते उगाच नव्हे. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही त्याच्याविषयीच वसंतसेनेला खात्री वाटू शकते. नाटकात राज्यक्रांती होते आणि तिला वधूपद मिळते. लास व्हेगासमध्ये विवाहाचा परवाना मध्यरात्रीपर्यंत मिळतो आणि कोणतीही मुदत थांबावे लागत नाही. एवढीच काय ती तेथील क्रांती.

या नगरीने स्त्रीच्या सौंदर्याची व्यवस्था किती काटेकोरपणे लावली होती हे ‘शोगर्ल’ या संस्थेवरून दिसते. १९५८ मध्ये स्टारडस्टमध्ये पॅरिसचा ‘लिडो’ आला, पुढच्याच वर्षी ट्रॉपिकानात ‘फोली बर्झेर’ सुरू झाला. उंची मोजून घेतलेल्या मुली, कित्येक किलो वजनाची पिसांची शिरोभूषणे, रात्रीचे दोन-दोन खेळ. त्या काळात खेळ संपल्यावरही त्यांनी नटूनथटून कॅसिनोच्या दालनात बसावे अशी अपेक्षा असे. ते बसणे म्हणजे काम नव्हे असे कोण म्हणेल? पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, फोली बर्झेर बंद झाला. ‘ज्युबिली’ हा त्या जातीचा शेवटचा मोठा खेळ २०१६ मध्ये संपला. ट्रॉपिकानाची इमारत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आली आणि तेही आतषबाजीच्या समारंभाने. जेरी जेथे नाचली ते घर पाडतानाही या शहराने प्रेक्षक गोळा केले.

ग्लॅमर ही ऐच्छिक गोष्ट आहे, नको तिने घेऊ नये, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. नेवाडातील रिनो शहरात हॅराज कॅसिनोच्या मद्यालयात सुमारे वीस वर्षे चोख नोकरी केलेल्या डार्लीन जेस्पर्सन या स्त्रीने पावडर, लाली, मस्कारा लावण्याचा नवा नियम पाळण्यास नकार दिला. २००० मध्ये तिला नोकरी सोडावी लागली. गिऱ्हाइकांची तिच्याविषयी तक्रार नव्हती. ती न्यायालयात गेली. २००६ मध्ये अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मेकअप हा गणवेशाचा भाग ठरला. ऐच्छिकतेची मर्यादा यावरून स्पष्ट व्हावी.

जेरी मॅक्गी ज्या सुमारास या शहरात आली त्याच सुमारास, १९६१ मध्ये, अलाबामातून आलेली आणखी एक तरुणी तेथे स्थायिक झाली. तिचे नाव हॅटी कॅन्टी. ती कृष्णवर्णीय होती, आणि मुख्य रस्त्यावरील हॉटेलांनी कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश देण्याचे मान्य केले त्याला जेमतेम वर्ष झाले होते. झगमगाटाच्या बाजूला तिला कोणी उभे केलेच नसते. दहा मुलांची ही आई १९७५ मध्ये विधवा झाली आणि हॉटेलात खोल्या झाडण्याच्या कामाला लागली. ज्या पलंगांवर जिंजरसारख्यांची स्वप्ने निजत असतील त्यांच्या चादरी बदलणे हे तिचे काम. परंतु तिच्या हाताशी एक गोष्ट होती, ती म्हणजे खानसामे, वाढपी आणि सफाई कामगार यांची ‘क्युलिनरी’ युनियन, शाखा क्रमांक २२६. १९९० मध्ये ती या युनियनची अध्यक्ष झाली. पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९९१ रोजी, फ्रंटियर हॉटेलच्या सुमारे साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला. तो सहा वर्षे चार महिन्यांहून अधिक चालला. या काळात संपकऱ्यांपैकी एकानेही संप मोडला नाही. मालक बदलला आणि १९९८ च्या आरंभी कामगार परत आत गेले.

मुंबईच्या गिरणी संपाची आठवण ज्यांना आहे त्यांना या आकड्यांचे मोल सांगावयास नको. आज या युनियनचे सुमारे साठ हजार सभासद आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांशी झालेल्या करारांनी पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढ मान्य करून घेतली. पेला घेऊन येणारी तरुणीही आता बहुतेक मोठ्या हॉटेलांत या कराराखाली येते. तिला आजारपणाचा विमा आहे, निवृत्तिवेतन आहे. तिच्यासाठी बक्षिसी ही पगाराच्या वरची गोष्ट झाली, पगाराच्या जागची राहिली नाही. अशा स्त्रीला एखादा पुरुष नापसंत करण्याची चैन परवडते. ज्या प्रेमात नकार देण्याची सोय नाही त्याला प्रेम कशाला म्हणावे?

बक्षिसीच्या प्रश्नाने अलीकडे अमेरिकेच्या राजकारणातही प्रवेश केला, आणि तोही लास व्हेगासमधूनच. जून २०२४ मध्ये तेथील प्रचारसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी बक्षिसी करमुक्त करण्याची घोषणा केली. दोन महिन्यांनी कमला हॅरिस यांनीही तेच आश्वासन दिले. जुलै २०२५ च्या कायद्याने वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या बक्षिसीवर आयकरात वजावट मिळाली. कामगारांना ती हवीच होती. पण यातला धोका कोणाच्या फारसा ध्यानात आलेला दिसत नाही. वेतनावर कर आणि बक्षिसीवर सूट, असे झाले की वेतन वाढविण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बोट दाखविणे मालकाला अधिक सोपे जाते. बक्षिसी मिळणाऱ्या नोकराला केंद्राच्या कायद्याप्रमाणे किमान वेतन ताशी २ डॉलर १३ सेंट आहे, आणि ते १९९१ पासून बदललेले नाही. नेवाडाने मात्र बक्षिसी वजा न करता ताशी १२ डॉलर देणे बंधनकारक केले आहे. जुगाराच्या राज्याने या बाबतीत अनेक सोवळ्या राज्यांना मागे टाकले, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हा सारा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोविषयक कायदा केला, तो कधीही अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचे ठरविले. गोव्याने मात्र १९९२ आणि १९९६ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्त्या करून प्रथम पंचतारांकित हॉटेलांना आणि नंतर जहाजांना मुभा दिली. आज पणजीच्या मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी आहेत. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडील मंडळी शनिवार-रविवारी तेथे गर्दी करतात. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना जुगाराच्या दालनात जाण्यास बंदी आहे. मोनॅकोच्या नागरिकांनाही माँटे कार्लोच्या टेबलावर बसता येत नाही. ही बंदी अर्थात खेळण्यापुरती. पाने वाटणाऱ्या, पेले आणणाऱ्या आणि रंगमंचावर नाचणाऱ्या मुली देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतच आहेत.

जहाजे नदीत असावीत की समुद्रात, नदीचे प्रदूषण किती, महसूल किती, यांवर गोव्यात गेली पंचवीस वर्षे वाद चालू आहे आणि तो योग्यच आहे. संस्कृतिरक्षकांचीही भाषणे होतात. परंतु परवाना शुल्काचा आकडा जितक्या तत्परतेने विधानसभेत सांगितला जातो तितक्याच तत्परतेने आणखी काही आकडे मागितले गेले पाहिजेत. या जहाजांवर काम करणाऱ्या किती स्त्रियांना नियुक्तिपत्र आहे? त्यांच्या मिळकतीत ठरलेला पगार किती आणि बक्षिसी किती? ती बक्षिसी त्यांच्या हाती पडते की व्यवस्थापनाच्या पेटीत? रात्रपाळी संपल्यावर पहाटे त्या घरी कशा पोचतात? भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात त्यांच्या नावे काही जमा होते काय? परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात या प्रश्नांसाठी एक रकाना घालण्यास सरकारला फारसा खर्च येणार नाही.